कडीला बांधलेलं फडकं

जनावरांच्या बागेत आता रात्रीचा मुक्काम करता येतो. तंबूत झोपायचं, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात प्राणी बघायचे, सकाळी पोहे खाऊन घरी. सानूने, माझ्या मुलीने, शाळेतून येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आधी "कशाला?" एवढंच निघालं. चौथीतल्या पोरीला कशालाचं उत्तर देता येत नाही, फक्त गाल फुगवता येतात. दोन दिवस ते फुगलेले गाल बघितले आणि शेवटी नाव घातलं.

खरं सांगते, त्या बागेच्या फाटकातून मी लग्नानंतर एकदाही आत गेले नव्हते. राहते कासारवाडीला, म्हणजे काही परमुलखात नाही. पण चिंचवडला बस वळली, भिंतीवर रंगवलेला वाघ दिसला, की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. भिंत संपली की पर्स बंद. इतकी वर्षं हे असंच चाललंय आणि शोधलेली वस्तू मला कधी सापडलेली नाही.

मुक्कामाला मुलाबरोबर घरातली दोन मोठी माणसं चालतात असं कळलं. नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी आईला घेतलं. आईला घ्यायला आणखीही एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लातूरची गाडी होती. माझा धाकटा भाऊ संजू, त्याच्याकडे ती राहते. तो चाकणहून रातपाळी सुटली की थेट बागेच्या फाटकाशी येणार होता, आणि तिला वल्लभनगरच्या स्टँडवर नेऊन गावाकडे मामाकडे जाणाऱ्या गाडीत बसवणार होता. ती परत कधी येणार हे कुणी बोललं नव्हतं. पण तिच्या पिशवीत स्वेटर होता, औषधं होती, आणि माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली बुद्धाची छोटी मूर्ती होती. चार दिवसांसाठी जाणारं माणूस मूर्ती बरोबर नेत नाही.

तर संध्याकाळी आम्ही तिघी फाटकातून आत गेलो, आणि पहिल्याच पावलाला तो वास आला. ओल्या वाळूचा, शिळ्या पाल्याचा, हरणांच्या अंगाचा. बाग सगळी बदललीय. गजांचे पिंजरे गेले, खंदक आले, बाकं सिमेंटची झाली, प्राण्यांच्या पाट्यांवर चित्रं आली. वास मात्र कुणाला बदलता आलेला नाही. तो नाकात शिरला आणि मी आपोआप हळू बोलायला लागले. सानू म्हणाली, मम्मी, कानात काय सांगतेस, नीट सांग ना.

हा वास म्हणजे माझ्यासाठी बाबांची थर्ड शिफ्ट.

आमची खोली या बागेच्या मागच्या अंगाला, कामगारांच्या चाळीत. एकच खोली, वर पत्रा, शेजारी तशाच खोल्यांची ओळ. बाबा फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर होते. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड, म्हणजे रातपाळी, असं आमचं वर्ष फिरायचं. शाळेत मॅडम ऋतू शिकवायच्या तेव्हा मला वाटायचं, आमच्याकडे हे तीनच. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी बाबा घरी असायचे आणि आम्हाला खांद्यावर घ्यायचे. सेकंडच्या आठवड्यात ते आम्हाला दिसायचेच नाहीत, फक्त सकाळी त्यांच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात गुळाचा खडा सापडायचा. कंपनीत धुळीवर उतारा म्हणून गूळ द्यायचे, तो ते स्वतः न खाता आणायचे. आणि थर्डच्या आठवड्यात बाबा दिवसभर घरात असायचे, पण आम्ही नसल्यासारखं राहायचं.

थर्ड लागली की आई दाराच्या कडीला फडकं बांधायची. बाबांच्याच फाटलेल्या लुंगीचं, निळं. कडी वाजू नये म्हणून ही रीत पडली असणार, पण आमच्या ओळीत त्याचा अर्थच ठरून गेला होता: आत माणूस झोपलाय. कुणाच्याही कडीला फडकं दिसलं की भाजीवाली आरोळी गिळायची, भंगारवाला सायकलवरून उतरून गुपचूप पुढे जायचा, नळावर बादल्या आपटायच्या नाहीत. भांडणंसुद्धा थांबायची. कमरेवर हात ठेवून दोन बायका नुसत्या डोळ्यांनी भांडतायत, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

घरात तर हू की चू नाही. कुकरची शिट्टी व्हायला आली की आई ती चिमट्याने अलगद उचलून धरायची. ताटं गोणपाटावर ठेवायची. मी आणि संजू खुणांनी बोलायचो. पाणी, भूक, तुझी चूक, मी आईला सांगेन, सगळ्याला खुणा होत्या. संजूला हसू आलं की तो उशीत तोंड खुपसायचा. आजही मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून, आवाज न करता लावते. नवरा म्हणतो, चोराच्या घरात वाढलीस का गं. मी म्हणते, नाही, कामगाराच्या.

पण पोरं ती पोरं, किती वेळ मुकी राहतील. म्हणून शाळा सुटली की आई आम्हाला बागेत आणायची. बाबा पत्र्याच्या उन्हापासून तोंडावर ओली चादर ओढून झोपलेले, आई बाहेरून कडी लावायची, फडकं घट्ट करायची, आणि आम्ही मागच्या वाटेने बागेत. बरोबर शेंगदाणे आणि तो गूळ. बागेत एकदाचं बोलायला मिळायचं. माकडांपुढे आम्ही माकडांपेक्षा जास्त ओरडायचो, आणि आई झाडाखाली बसून तांदूळ निवडायची.

बागेच्या टोकाला तरसाचा पिंजरा होता. आत दगडांची खोबण, आणि त्या खोबणीत पाठमोरं पडलेलं करडं, काळ्या पट्ट्यांचं अंग. इतक्या दुपारी आम्ही तिथे गेलो, पण त्याचं तोंड काही दिसलं नाही. पाटीवर लिहिलं होतं, "तरस. निशाचर प्राणी." संजू तेव्हा दुसरीत. त्याने विचारलं, निशाचर म्हणजे काय? आईने तांदळातून डोकं न उचलता सांगितलं, "ज्येची थर्ड असती, त्यो."

झालं. त्या दिवसापासून तरस संजूचं झालं. पिंजऱ्याजवळ तो पाय न वाजवता जायचा. कुणी शेंगा फेकल्या, कुणी गज वाजवला, की हे एवढंसं पोर कमरेवर हात ठेवून त्या मोठ्या माणसांपुढे उभं राहायचं आणि दबक्या आवाजात दटावायचं, "ए, थर्ड करून आलाय तो." लोक हसायचे. पण गज वाजवायचे थांबायचे. मला तेव्हा माझा भाऊ फार शूर वाटायचा.

तोच संजू आता चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, आणि कंपनीने त्याला कायमची रातपाळी दिलीय. नशिबाचा खेळ म्हणायचा की काय म्हणायचं. सकाळी घरी यायचं, दुपारभर झोपायचं, संध्याकाळी पुन्हा चाकण गाठायचं. त्याची बायको दिवसा कामाला जाते. घरात झोपलेला संजू आणि जागी असलेली आई, दोघंच.

आणि आई त्याला झोपू देत नाही.

हे ऐकून कुणालाही वाटेल की म्हातारी त्रासदायक आहे. तशी नाही ती. जेवायला मागत नाही, टीव्ही लावत नाही, दुखलं खुपलं सांगत नाही. फक्त थोड्या थोड्या वेळाने आत जाते आणि झोपलेल्या संजूच्या नाकाखाली दोन बोटं धरते. बोटांना श्वास नीट लागला नाही असं वाटलं की खांदा हलवते. संजू डोळे न उघडता म्हणतो, "जिवंत आहे आई. झोपू दे." ती म्हणते, "बरं, झोप." आणि परत येते. दिवसातून कितीतरी वेळा हे वाक्य आणि हे उत्तर. आधी आम्ही यावर हसायचो. संजू नकला करून दाखवायचा.

मग एका रात्री तो उभ्या उभ्या प्रेससमोर पेंगला. मशीन आपणहून थांबलं म्हणून हात वाचला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, चहाही न घेता ओट्याला टेकून उभा राहिला. डोळे लाल, खाली काळं. कडी लावून झोपून बघितलं म्हणाला, तर आईने दार असं बडवलं की अख्खी सोसायटी गोळा झाली. "ताई, मला आई नको असं नाही गं," तो म्हणाला. "मला झोप पाहिजे."

माझ्याकडे तिला ठेवून बघितलंच होतं. तिसऱ्या दुपारी तिने माझ्या सासऱ्यांच्या नाकाखाली बोटं धरली. ते दचकून जागे झाले, तर तोंडाजवळ हात आणि वर वाकलेली विहीणबाई. आपणच गेलो की काय असं त्यांना वाटलं म्हणे. रात्रीपर्यंत त्यांची छाती धडधडत होती आणि सासूबाईंचं तोंड बंद होत नव्हतं. मग लातूरचा विषय निघाला. तिकडे शिफ्ट नाही, माणसं अंधार पडला की झोपतात, उजाडलं की उठतात. आईला सांगितलं तेव्हा ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि मूर्ती पुसायला घेतली.

त्यामुळे बागेत तंबू ठोकायची गडबड चालली होती, पोरं किंचाळत होती, कुणाचे वडील दोरी ओढताना पडले म्हणून हसू पिकलं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे सकाळची गाडीच होती. आई मात्र खुशीत. तिने सानूच्या तंबूची खुंटी दगडाने ठोकून दिली. तिथल्या एका मुलीने, शिबिराच्या ताईने, सगळ्यांना गोल बसवून नियम सांगितले: मोबाईल बंद, बोलायचं हळू, पाय न वाजवता चालायचं. आई मला कोपराने ढोसून म्हणाली, आपल्याला कशाला सांगायलीय ही, आपण ह्यात पास झालेलो. मला हसू आलं.

बाबांचं सांगायचं राहिलं. मी तिथे घुटमळते, हे मलाही कळतंय.

ती थर्डच होती. उन्हाचे दिवस. आम्ही बागेत आलो आणि संजूची टोपी घरी राहिली. आई आम्हाला तरसापुढच्या बाकावर बसवून, कुठे हलू नका म्हणून, टोपी आणायला घरी गेली आणि आली. आली तेव्हा तिचा चेहरा हसरा होता, हे मला पक्कं आठवतं. आम्ही गूळ-शेंगदाणे खाल्ले. तरसाने एकदा कान हलवला म्हणून संजू आनंदाने नाचला, तेही आवाज न करता. ऊन उतरल्यावर परत गेलो. कडीला निळं फडकं होतं. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो, आई माझे केस विंचरत होती. रस्त्यावरचे दिवे लागले. बाबांच्या डब्याची वेळ झाली तेव्हा आई त्यांना उठवायला आत गेली.

थर्डच्या आठवड्यात आमच्या खोलीतून आवाज आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

बाबा कशाने गेले ते डॉक्टरांनी सांगितलं. तो शब्द आठवून मला आता काही करायचं नाही. शेजारच्या काकू नंतर कित्येक दिवस येऊन एकच सांगायच्या. दुपारी त्यांना आमच्याकडे तांब्या पडल्याचा आवाज आला होता. काहीतरी पडलं म्हणून त्या दारापर्यंत आल्याही होत्या. "पण कडीला फडकं होतं गं बाई," त्या म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. आई त्यांना चहा करून द्यायची. कुणीच कुणाला बोल लावला नाही. लावणार तरी कुणाला? आमच्या ओळीतल्या कुठल्याही बाईने त्या दारापुढून तसंच परत जायचं, अशीच तर आमची रीत होती.

ते निळं फडकं कुठे गेलं माहीत नाही. त्यानंतर आईने कुठल्याही कडीला काही बांधलं नाही. ती कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागली, आणि रात्री झोपेत आमच्या नाकाखाली पिठाचा वास येणारी दोन बोटं यायला लागली. आम्हाला त्याची सवय झाली. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला कित्येक रात्री मध्येच जाग यायची, कुणी उठवलं कसं नाही म्हणून.

रात्री तंबूत तेच झालं. सानू मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला आई. बाहेर हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, मध्येच स्टेशनकडून लोकलचा भोंगा. आमच्या भागात पुरता अंधार कधी पडत नाही. कारखान्यांच्या दिव्यांनी आभाळ तांबूस असतं, त्यात तंबूचं निळं कापड दिसत होतं. सानूला झोप लागते न लागते तोच आईचा हात हलला. सानू वैतागली. आजी, झोपू दे ना, म्हणून तिने कूस बदलली. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा सानू रडकुंडीला आली आणि शेजारच्या तंबूतून कुणीतरी खाकरलं. आई उठून बसली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले.

ती सरळ बागेच्या टोकाला निघाली होती. वाट बदललेली, पण तिचे पाय बरोबर पडत होते. पिंजऱ्याच्या जागी आता मोठं मोकळं कुंपण आहे, जाळीच्या आत झाडं आणि दगड. शिबिराची ताई तिथेच लाल बॅटरी घेऊन बसली होती. तिने बोटाने दाखवलं.

तरस जागं होतं.

ते चालत होतं. मागचं अंग उतरतं, मान पुढे, कुंपणाच्या कडेकडेने जायचं आणि वळून परत यायचं. मध्येच थांबून हुंगायचं. तोंड दिसलं. रुंद, काळसर, कान टोकदार. आमचं तरस केव्हाच गेलं असणार, हे दुसरंच होतं, जखमी सापडलेलं कुठून तरी आणलेलं. पण मला इतकं भरून आलं की मी जाळीला धरलं. संजूला दाखवायला हवं होतं. तो त्या वेळी चाकणला प्रेससमोर उभा असेल.

"बघ की, किती फिरायलंय," आई म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने जाळीकडेच बघत सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"टोपी आणाया गेलते ना मी. कडी काढून आत गेले. चादर तोंडावर, पाय लांब. जरा हलंना. रोज पत्रा तापला की ह्या कुशीवरनं त्या कुशीवर तळमळायचे गं. त्या दिवशी हलंनात, तर मला बरं वाटलं. म्हणलं, आज चांगली झोप लागली माणसाला. टोपी घेतली, फडकं घट्ट केलं, आले." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "मला बरं वाटलं गं."

म्हणजे तो हसरा चेहरा त्या बरं वाटण्याचा होता. तुझी काय चूक, असं म्हणायचं असतं अशा वेळी, ते मी म्हणाले नाही, कारण तिला ते ऐकायचंच नव्हतं. मी तिचा हात धरला. बोटं गार पडली होती. आम्ही तशाच उभ्या राहिलो आणि तरस येत-जात राहिलं. शिबिराच्या ताईने बिचारीने बॅटरी विझवून टाकली.

तंबूत परत आल्यावर आई आडवी झाली ती हललीच नाही. सानूकडे हात गेला नाही. मी जागीच. उजाडायला लागलं, मोर ओरडले, बाहेर स्टोव्ह पेटल्याचा आवाज आणि मोहरीच्या फोडणीचा वास आला. पोरं उठली, सानू उठून पळाली. आई एका कुशीवर, तोंडावर पदर, पाय लांब. कुणीतरी ओरडलं, चला, पोहे झाले. आई गप्प. मी पदराकडे बघत राहिले. पदर हलतोय का ते कळेना. मी स्वतःला सांगितलं, थकलीय, झोपू दे. पुन्हा सांगितलं. आणि माझा हात निघालाच. पदर बाजूला करून मी तिच्या नाकाखाली दोन बोटं धरली.

"जिवंत हाय," आई डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे."

मग तिने डोळे उघडले. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती उठून बसली, माझी बोटं आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, आणि म्हणाली, "झोपलेल्याला असं असतंय व्हय." एवढंच. तोंड धुवायला गेली.

पोहे झाले, तंबू गुंडाळले. पिशवी घेऊन आम्ही फाटकाकडे निघालो. संजूचा फोन येऊन गेला होता, तो पोहोचला होता. सानू पुढे, आई मध्ये, मी मागे. फाटकाची खिडकी, म्हणजे माणसं जायचं छोटं दार, लोखंडी. आम्ही बाहेर आलो.

फाटकालगतच्या कट्ट्यावर संजू बसला होता. मोटरसायकल शेजारी उभी, हेल्मेट मांडीत. डोकं भिंतीला टेकलेलं, रंगवलेल्या वाघाच्या पायाशी. तोंड किंचित उघडं. झोपला होता.

आमच्या मागून एक कुटुंब बाहेर पडलं आणि दाराची कडी खणकन वाजली. संजूच्या कपाळावर आठी आली. मी पुढे झाले. स्टँड गाठायचा होता, वेळ फारसा उरला नव्हता. त्याच्या खांद्याला हात लावणार तोच आईने माझं मनगट धरलं.

"गाडी चुकेल आई," मी कुजबुजले.

पिशवी जमिनीवर ठेवून तिने तीत हात घातला. मूर्ती काढली, ओढणी सोडवली, मूर्ती सानूच्या ओंजळीत दिली. मग त्या लोखंडी दाराशी जाऊन तिने ती ओढणी कडीभोवती गुंडाळली, दोन वेढे, आणि गाठ मारली. कडी हलवून बघितली. आवाज आला नाही.

परत येऊन ती कट्ट्यावर बसली, त्याच्यापासून जरा अंतर ठेवून. तिचा हात एकदा उचलला गेलेला मी बघितला. तिने तो पदरात घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. संजूच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड त्याच्या छातीवर होतं. ते वर यायचं, खाली जायचं. आई त्या कार्डाकडे बघत होती. मीही बघायला लागले. ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं, मग छातीवर. तिकडे वल्लभनगरला लातूरची गाडी निघाली असणार.

माणसं दारातून येत होती, जात होती. सानू मूर्ती छातीशी धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिला राहवेना. तिने मोठ्याने विचारलं, मामाला उठवायचं नाही का?

आईने तोंडावर बोट ठेवलं.

"थर्ड करून आलाय त्यो," ती म्हणाली.